सुटी पाने की बांधीव ग्रंथ? : संगणकातील नव्या फाइलींच्या साठवणीचा प्रश्न

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयास दहा हजार हस्तलिखित पानांची देणगी एकाच दिवशी मिळाली, अशी कल्पना करावी. ग्रंथपालापुढे दोन मार्ग असतात. प्रत्येक पान स्वतंत्र लिफाफ्यात घालून, त्यावर क्रमांक लिहून, तो लिफाफा कपाटाच्या योग्य त्या खणात ठेवावयाचा, हा एक मार्ग. सर्व पाने एकत्र बांधून त्यांचा एक ग्रंथ करावयाचा व कोणते पान कोठे सापडेल हे दाखविणारी सूची त्यास जोडावयाची, हा दुसरा. पान एखादेच आले असेल तर पहिला मार्ग सोयीचा, यात शंका नाही. परंतु दहा हजार पानांसाठी दहा हजार लिफाफे वापरावयाचे आणि पुढे सवड मिळताच तेच लिफाफे फोडून त्याच पानांचा ग्रंथ बांधावयाचा, असा क्रम जर त्या ग्रंथालयाने नियम म्हणून स्वीकारला असेल, तर पहिले श्रम कशासाठी केले, असा प्रश्न कोणीही सुज्ञ मनुष्य विचारील.

हाच प्रश्न आज संगणकाच्या एका अत्यंत उपयुक्त साधनाविषयी विचारावयास हवा. ते साधन म्हणजे आवृत्ती-नियंत्रणाची प्रणाली होय.

आवृत्ती-नियंत्रण म्हणजे काय?

लेखनात बदल होत राहतात. संगणकाचा कार्यक्रम लिहिणारा, शब्दकोश सिद्ध करणारा, जनगणनेचे तक्ते तपासणारा, या सर्वांना आजचा मजकूर जसा हवा असतो तसा कालचा व परवाचाही हवा असतो. कोणता बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला याची नोंद ठेवून जुनी प्रत मागताक्षणी काढून देणे, हे आवृत्ती-नियंत्रणाचे कार्य. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ मध्ये एससीसीएस ही या प्रकारची प्रणाली रचली. १९८० नंतरच्या दशकात वॉल्टर टिशी यांची आरसीएस ही प्रणाली आली. या दोहोंत प्रत्येक फाइलीचा इतिहास स्वतंत्र ठेवला जाई. २००० नंतर सबव्हर्जन ही प्रणाली प्रचारात आली आणि २००५ च्या एप्रिल महिन्यात लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्याचे काम सांभाळण्यासाठी ‘गिट’ निर्माण केली. आज जगातील बहुसंख्य कार्यक्रमलेखक गिट वापरतात. विद्यार्थ्यांना हे शास्त्र शिकविले जाते तेही बहुधा तिच्याच साह्याने. म्हणून प्रस्तुत विवेचन गिटविषयी आहे.

गिटमध्ये फाइल कशी साठते?

गिटची मूळ कल्पना साधी व सुंदर आहे. फाइलीतील मजकुराच्या आरंभी त्याचा प्रकार व लांबी सांगणारा एक छोटा मथळा जोडला जातो. मग या सर्व मजकुरावर एक ठरावीक गणिती प्रक्रिया करून १६० बिटांचा एक अंक काढला जातो. षोडशमान पद्धतीने लिहिल्यास तो ४० अक्षरांचा होतो. हा अंक म्हणजेच त्या मजकुराचे नाव. मजकुरात एका स्वल्पविरामाचा फरक पडला तरी नाव पालटते, आणि दोन ठिकाणचा मजकूर तंतोतंत एक असेल तर दोहोंचे नावही एकच असल्याने तो एकदाच साठतो.

अशा रीतीने नामकरण झालेला मजकूर संकोचित करून डिस्कवर एका स्वतंत्र फाइलीत लिहिला जातो. नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून फोल्डर ठरतो, उरलेली ३८ अक्षरे हे त्या फाइलीचे नाव असते. दोन षोडशमान अक्षरांची २५६ रूपे होतात. म्हणून असे २५६ खण संभवतात. या प्रकारे ठेवलेल्या मजकुरास ‘सुटा घटक’ म्हणता येईल. आरंभीच्या काही आठवड्यांत गिटला साठवणीची हीच एक रीत ठाऊक होती.

ती पुरेशी नाही हे लवकरच ध्यानात आले व त्याच वर्षी दुसरी रीत निघाली. गिटच्या परिभाषेत जिला ‘पॅक’ म्हणतात ती साठवण म्हणजे अनेक घटकांचा एकच गठ्ठा होय. त्याच्या आरंभी १२ बाइटांचा मथळा असतो, पुढे एकामागून एक घटक येतात व शेवटी सर्व गठ्ठ्याची सचोटी तपासण्यासाठी एक पडताळा-अंक असतो. गठ्ठ्यासोबत त्याची शोधसूची वेगळ्या फाइलीत असते. परस्परांशी साम्य असलेल्या मजकुरांपैकी एक पूर्ण ठेवून दुसऱ्याचा केवळ फरक नोंदविण्याची सोयही गठ्ठ्यात आहे, सुट्या घटकांत नाही.

हजारो फाइली एकदम आल्या म्हणजे

आता मुख्य प्रश्नाकडे वळावे. एप्रिल २००५ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची पहिली नोंद गिटमध्ये झाली, तेव्हा १७ हजारांहून अधिक फाइली एकदम दाखल झाल्या. त्या वेळी गठ्ठ्याची रीत अस्तित्वात नव्हती, म्हणून प्रत्येक फाइलीचा सुटा घटक होणे अपरिहार्य होते. आश्चर्याची गोष्ट अशी की, गठ्ठ्याची रीत येऊन इतकी वर्षे लोटल्यानंतरही नव्या फाइली भांडारात घालण्याची नित्याची आज्ञा, म्हणजे ‘गिट ॲड’, हा मूळ शिरस्ता पाळत आली आहे. एक फाइल असो वा सतरा हजार, सर्वसाधारण आकाराच्या प्रत्येक फाइलीमागे डिस्कवर एक नवी फाइल उत्पन्न होते.

याची किंमत तीन प्रकारे द्यावी लागते.

पहिली किंमत जागेची. बहुतेक संगणकांत डिस्कवरील जागा ४०९६ बाइटांच्या ठोकळ्यांनी दिली जाते. संकोचित झाल्यावर एखादा मजकूर २०० बाइटांचा उरला, तरी त्याची सुटी फाइल एक पूर्ण ठोकळा अडविते. असे दहा हजार घटक असतील तर २० लाख बाइटांच्या मजकुरासाठी ४ कोटी ९ लाखांहून अधिक बाइट खर्ची पडतात. म्हणजे सुमारे वीस पट. तेच घटक गठ्ठ्यात ठेविले तर मजकुराखेरीज शोधसूचीत प्रत्येक घटकामागे २८ बाइट लागतात. दहा हजारांमागे २ लाख ८० हजार.

दुसरी किंमत श्रमांच्या द्विरुक्तीची. सुटे घटक सुमारे ६७०० झाले म्हणजे गिट आपण होऊन आवराआवर करू लागते. हा आकडा तिच्या मूळ मांडणीतच ठरविलेला आहे. सर्व खण मोजीत बसण्याऐवजी ती एकच खण पाहते व त्यावरून एकूण संख्येचा अंदाज करते. दहा हजार फाइली एकदम आल्या की ही मर्यादा ओलांडलीच. मग गिट ते घटक पुन्हा वाचते, उलगडते, पुन्हा संकोचित करून गठ्ठ्यात लिहिते आणि सुट्या फाइली एकेक करून पुसून टाकते. सुट्या घटकात मथळाही मजकुराबरोबरच संकोचित झालेला असल्याने तो जसाच्या तसा उचलून गठ्ठ्यात ठेवता येत नाही. लिफाफे फोडून ग्रंथ बांधण्याचा जो क्रम आरंभी वर्णिला, तो हाच.

तिसरी किंमत सुरक्षिततेची असून तीच सर्वांत भारी आहे.

वेग आणि सुरक्षितता

संगणकास लिहिण्याची आज्ञा दिली की मजकूर तत्क्षणी डिस्कवर पोहोचतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो काही काळ संगणकाच्या स्मृतीतच राहतो व सवडीने डिस्कवर उतरतो. या अवधीत वीज गेली तर फाइलीचे नाव मागे राहून आतील मजकूर नाहीसा होऊ शकतो. हे टाळण्यासाठी ‘एफसिंक’ नावाची एक आज्ञा असते. ही फाइल डिस्कवर खरोखर पोहोचल्याखेरीज पुढे जाऊ नकोस, असा तिचा अर्थ. मिनिटास ७२०० फेरे घेणाऱ्या फिरत्या डिस्कचा एक फेरा १२० व्या भागाइतक्या सेकंदात होतो. प्रत्येक फाइलीच्या खात्रीसाठी एकच फेरा थांबावे लागले असे धरले, तरी दहा हजार फाइलींस ८३ सेकंद केवळ प्रतीक्षेत जातील. प्रत्यक्षात याहून अधिकच.

ही दिरंगाई नको म्हणून लिनक्ससारख्या व्यवस्थांवर गिट सुट्या घटकांच्या बाबतीत अशी खात्री मुळात करून घेतच नाही. ज्यास हवी त्याने ती मुद्दाम मागावी, अशी योजना आहे. गठ्ठ्याच्या बाबतीत मात्र ती नेहमीच खात्री करून घेते, कारण गठ्ठा एक असल्याने प्रतीक्षाही एकदाच करावी लागते. याचा अर्थ असा की, नव्या फाइली दाखल केल्यानंतर लगेच वीज गेली तर काही घटक रिकामे आढळण्याचा संभव राहतो, आणि असे घडल्याचा अनुभव गिट वापरणाऱ्यांत अनोळखी नाही. वेग पाहिजे तर सुरक्षितता सोडावी, सुरक्षितता पाहिजे तर वेग सोडावा, अशी ही कोंडी दिसते. परंतु ती निसर्गनियमाने उत्पन्न झालेली नाही. एका कामासाठी हजारो वेगवेगळ्या फाइली करण्याच्या हट्टातून ती उत्पन्न झाली आहे.

ही कोंडी फोडण्याचा एक स्तुत्य प्रयत्न २०२२ मध्ये झाला. त्या वर्षीच्या गिटमध्ये अशी सोय आली की, सुटे घटक प्रथम एका तात्पुरत्या फोल्डरात लिहावेत, अखेरीस सर्वांसाठी मिळून एकदाच डिस्कची खात्री करून घ्यावी आणि मग ते आपापल्या खणांत हलवावेत. यामुळे प्रतीक्षा पुष्कळ कमी होते. तथापि ही सोय मागितल्यावाचून मिळत नाही, आणि फाइलींची संख्या ती कमी करीत नाही. लिफाफे तितकेच राहतात. फक्त खणात ठेवण्याची रीत सुधारली.

घरच्यास एक, पाहुण्यास दुसरा न्याय

गिटला गठ्ठा थेट लिहिता येत नाही, अशी सबब कोणी सांगू लागल्यास ती टिकण्यासारखी नाही. दूरच्या भांडारातून घटक येतात तेव्हा त्यांची संख्या १०० पेक्षा कमी असेल तर ते सुटे केले जातात; अधिक असेल तर आलेला गठ्ठा गठ्ठा म्हणूनच ठेवला जातो. इतर प्रणालींतील इतिहास गिटमध्ये आणण्यासाठी ‘फास्ट-इंपोर्ट’ नावाची जी आज्ञा आहे, ती थेट गठ्ठाच लिहिते. एखादी नवी फाइल ५१२ मेगाबाइटांहून मोठी असेल तर ‘गिट ॲड’ देखील तिचा सुटा घटक न करता ती सरळ गठ्ठ्यात घालते. म्हणजे बाहेरून आलेल्या समूहास गठ्ठा, परक्या प्रणालीतून आलेल्या समूहास गठ्ठा, एकट्या अवाढव्य फाइलीसही गठ्ठा. केवळ घरच्या मनुष्याने आपल्या हाताने घातलेल्या हजारो लहान फाइली तेवढ्या सुट्या! या भेदास इतिहासाखेरीज दुसरे सबळ कारण दिसत नाही.

सबव्हर्जनचे उदाहरणही बोलके आहे. तिच्या प्रचलित साठवणीत एका नोंदीची एक फाइल होते, मग त्या नोंदीत फाइल एक असो वा हजार. समूहाने आलेले समूहानेच ठेवणे हे नवे किंवा अव्यवहार्य तत्त्व नव्हे.

आक्षेपांचा विचार

सुट्या घटकांच्या बाजूने काही महत्त्वाचे मुद्दे मांडले जातात आणि त्यांस उत्तर दिल्यावाचून सुधारणेचा पुरस्कार करणे योग्य होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, सुटे घटक परस्परांवर अवलंबून नसतात. काम मध्येच थांबले तरी तोपर्यंत लिहिलेले घटक शिल्लक राहतात. अर्धा गठ्ठा मात्र व्यर्थ जातो. हा आक्षेप अंशतः खरा आहे. परंतु कोणती फाइल कोणत्या नावाने दाखल झाली हे सांगणारी गिटची इंडेक्स ही फाइल ‘गिट ॲड’च्या अखेरीसच पालटली जाते. काम मध्ये तुटले तर वापरणाऱ्यास ते पुन्हा करावेच लागते. वाचतात ते काही लेखनश्रम. तेही वाचवावयाचे असल्यास काही हजार घटक झाले की एक गठ्ठा पुरा करून दुसरा आरंभावा. एवढ्याने हानी मर्यादित राहते.

दुसरा आक्षेप असा की, गठ्ठा अपुरा असताना त्यातील घटक इतर कार्यक्रमांना दिसत नाहीत. हे खरे आहे. पण इंडेक्स पालटण्यापूर्वी गठ्ठा पुरा व सुरक्षित झाला म्हणजे झाले. त्याआधी त्या घटकांकडे पाहण्याचे प्रयोजन स्वतः त्या आज्ञेखेरीज क्वचितच कोणास असते, आणि तिने चालू गठ्ठ्यातील नावांची यादी आपल्या स्मृतीत ठेवावी.

तिसरा आक्षेप असा की, लहान लहान गठ्ठे फार झाले तर शोध मंदावतो, कारण एकेका गठ्ठ्याची सूची चाळावी लागते. म्हणूनच पाचपन्नास फाइलींसाठी गठ्ठा करू नये. परंतु या अडचणीवरही उपाय निघाले आहेत. २०१८ मध्ये अनेक गठ्ठ्यांची मिळून एकच सूची करण्याची सोय आली. २०२१ मध्ये लहान गठ्ठे क्रमाक्रमाने मोठ्यांत विलीन करण्याची रीत आली. शिवाय एका मोठ्या गठ्ठ्यातील शोध मुळीच अवघड नाही. सतरा हजार घटकांच्या सूचीत नावाच्या पहिल्या दोन अक्षरांवरून सुमारे ६६ नावांचा भाग निवडला जातो व त्यात निम्म्या-निम्म्याने शोधत गेल्यास सात पावलांत नाव सापडते.

चौथा आक्षेप टाकाऊ घटकांचा. चुकून दाखल केलेली फाइल सुटी असेल तर कालांतराने पुसून टाकणे सोपे. गठ्ठ्यातून एकटी काढणे कठीण. पूर्वी या आक्षेपास मोठे वजन होते. परंतु निरुपयोगी ठरलेले घटक एका वेगळ्या गठ्ठ्यात, त्यांच्या काळाच्या नोंदीसह ठेवण्याची सोय २०२२ मध्ये आली व २०२३ पासून ती नित्याची झाली. तेव्हा हेही कारण आता उरले नाही.

काय करावे?

या विवेचनातून निघणारी सूचना अगदी साधी आहे. एका आज्ञेने दाखल होणाऱ्या नव्या घटकांची संख्या ठरावीक मर्यादेच्या पुढे गेली म्हणजे पुढील घटक थेट गठ्ठ्यात लिहावेत. गठ्ठा डिस्कवर पोहोचल्याची एकदा खात्री करून घ्यावी. आणि त्यानंतरच इंडेक्स पालटावी. मर्यादा कोणती, हे शोधण्यासाठीही दूर जावयास नको. बाहेरून येणाऱ्या घटकांसाठी १०० हा आकडा गिटने पूर्वीच स्वीकारला आहे. तोच आरंभी घ्यावा आणि अनुभवाने कमीअधिक करावा. जो मर्यादेच्या आत राहील त्याच्या अनुभवात काडीचाही फरक पडणार नाही. आणखी एक अट आवश्यक आहे. ही सोय मागणाऱ्यासच मिळावी असे न करता ती सर्वांस आपोआप लागू व्हावी. गुप्त किल्ल्या ज्यास ठाऊक असतात, त्यास बहुधा साह्याची गरज नसते.

गठ्ठा घाईने लिहिताना साम्य असलेल्या मजकुरांतील फरक शोधण्यास वेळ मिळणार नाही, म्हणून तो पुढे पुन्हा आवरावा लागेल, हे कबूल केले पाहिजे. परंतु एका फाइलीतून दुसऱ्या फाइलीत आवरणे आणि सतरा हजार फाइली उघडून, वाचून, पुसून आवरणे यांत जे अंतर आहे, ते या सुधारणेचे समर्थन करण्यास पुरेसे आहे.

याची झळ कोणास लागते?

नव्या वेगवान यंत्रावर काम करणाऱ्यास या प्रश्नाचे महत्त्व चटकन जाणवणार नाही. त्याच्या यंत्रात फिरती डिस्क नसते, त्याच्या खोलीतील दिवे जात नाहीत. परंतु ज्या शाळेच्या प्रयोगशाळेत जुनी यंत्रे आहेत व दुपारी वीज जाण्याचा धाक आहे, तेथील विद्यार्थी पहिल्याच दिवशी एखादा तयार प्रकल्प भांडारात घालू पाहतो, तेव्हा त्याची गाठ याच प्रसंगाशी पडते. एखाद्या ग्रंथालयाने जुन्या ग्रंथांची पाने अक्षरांकित करून ठेवावयाचे योजिले, तर त्याच्याकडेही हजारो लहान फाइलीच असतात, आणि भांडाराची दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर काढावयाची झाल्यास एक मोठी फाइल उतरविणे सोपे की दहा हजार लहान, हे सांगावयास नको. साधनातील दोषाची झळ ज्याचे साधन सर्वांत हलके त्यास सर्वांत आधी लागते; आणि आपलीच काही चूक झाली असावी, असे समजून तो गप्प बसतो.

भारतातील ग्रंथालयशास्त्राचे आद्य आचार्य रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपली पाच सूत्रे मांडली, त्यांत वाचकाचा वेळ वाचविण्यास स्वतंत्र स्थान दिले. ते तत्त्व पुस्तकांच्या कपाटापुरते मर्यादित नाही. मनुष्याच्या श्रमाचे जतन करावयास जे साधन निर्माण झाले, त्याने ते श्रम पहिल्या क्षणापासून सुरक्षित ठेवले पाहिजेत. गिटच्या रचनेत गठ्ठा आहे, त्याची सूची आहे, तो सुरक्षित लिहिण्याची रीत आहे. उणीव आहे ती एवढीच की, घरच्या दाराने आलेल्या पानांसाठी ग्रंथबांधणीचे ते दालन अद्याप खुले झालेले नाही. ते खुले व्हावे. गिटची रचना सर्वांस पाहता व सुधारता येते. आज जो विद्यार्थी तिचा केवळ वापर करावयास शिकत आहे, त्यास उद्या हे दार स्वतः उघडता येईल.